एका वेळी पंधरा-वीस विंडो उघड्या असतात आणि हवी ती पटकन सापडत नाही. दुसरा मॉनिटर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करता. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, चार-पाच एक्सेल, बिलांच्या पीडीएफ, जीएसटी पोर्टल आणि व्हॉट्सॲप हे सगळं एकाच लॅपटॉपवर उघडं असतं, ऑल्ट-टॅब दाबलं की विंडोंचा क्रम दर वेळी वेगळाच दिसतो, आणि तुमचे सर दुसरा मॉनिटर घ्यायचं म्हणतायत. मीही काही दुकानदारांची आणि गृहनिर्माण संस्थांची खाती सांभाळतो, त्यामुळे ३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायची २० तारीख जवळ आली की स्क्रीनची काय अवस्था होते ते चांगलं ठाऊक आहे. तुमच्याकडे विंडोज ११ आहे असं धरून लिहितो. विंडोज १० वर बहुतेक सगळं तसंच चालतं.

आधी त्या क्रमाबद्दल, कारण तुमच्या त्रासाचं मूळ तिथेच आहे. ऑल्ट-टॅबमधला क्रम विंडो कधी उघडली यावर ठरत नाही, शेवटची कधी वापरली यावर ठरतो. टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यातून एखादा कागद काढून पाहिला आणि परत ठेवला की तो सगळ्यांत वर येतो, तसंच हे. म्हणून क्रम बदलतो, आणि तो बदलायलाच हवा. त्यामुळेच ऑल्ट-टॅब एकदा दाबून सोडलं की तुम्ही नेमके मघाच्या विंडोवर जाता, पुन्हा दाबलं की परत इथे. पीडीएफमधलं बिल बघायचं आणि टॅलीत नोंद करायची, एवढंच चालू असेल तर याच्याइतकी जलद सोय दुसरी नाही, डोळे वर उचलायचीही गरज पडत नाही. मधेच व्हॉट्सॲपला हात लावला की मात्र गठ्ठा बदलतो आणि एकदा दाबून भलतीच विंडो समोर येते. ऑल्ट-टॅब दोन विंडोंसाठी उत्तम आहे, तीन असल्या तरी निभावतं. त्यापुढे टॅब दाबत दाबत विंडो शोधत बसणं म्हणजे दर वेळी वीस चित्रं वाचणं, आणि दिवसभरात दमवतं ते हेच.

त्यातही दोन गोष्टींनी आराम पडेल. एज ब्राउझर वापरत असाल तर त्याचे टॅबही ऑल्ट-टॅबच्या यादीत घुसलेले असू शकतात. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग मल्टिटास्किंग इथे जाऊन टॅब न दाखवण्याचा पर्याय निवडा, गर्दी लगेच कमी होईल. दुसरं म्हणजे यादी समोर असताना ऑल्ट दाबून ठेवून बाणाच्या बटणांनी हवं तिकडे जाता येतं, आणि नको असलेल्या विंडोवर येऊन डिलीट दाबलं तर ती तिथल्या तिथे बंद होते. संध्याकाळी आवराआवर करायला मला हे फार आवडतं.

आता ज्या विंडो दिवसभर लागतातच, त्यांच्याबद्दल. त्या शोधायच्याच नाहीत, त्यांची जागा पक्की करायची. टास्कबारवर, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर, पिन केलेल्या प्रोग्रॅमना डावीकडून १ ते ९ असे आकडे आपोआप मिळालेले असतात. विंडोज बटण दाबून १ दाबलं की पहिला प्रोग्रॅम समोर येतो, २ दाबलं की दुसरा. माझ्याकडे टॅली पहिल्या जागी, एक्सेल दुसऱ्या, ब्राउझर तिसऱ्या आणि फाइल एक्सप्लोरर चौथ्या जागी आहे. कॉम्प्युटर बदलला तरी हा क्रम मी बदलत नाही, कारण बोटांना तो पाठ झालाय. एकाच प्रोग्रॅमच्या अनेक विंडो असतील तर विंडोज बटण न सोडता तोच आकडा पुन्हा पुन्हा दाबायचा, एकेक विंडो येत जाते. त्यातली सगळ्यांत शेवटी वापरलेलीच हवी असेल तर सोबत कंट्रोलही दाबायचं, म्हणजे विंडोज, कंट्रोल आणि २ एकदम. तुमच्यासारख्यांना हे फार उपयोगी आहे, कारण दहातल्या आठ वेळा हवी असते ती मघाचीच एक्सेल.

एक्सेलचा वेगळा विचार करावा लागतो. २०१३ च्या आवृत्तीपासून प्रत्येक वर्कबुक स्वतंत्र विंडोत उघडतं, म्हणून पाच फाइली म्हणजे पाच विंडो. एक्सेलमध्ये असताना कंट्रोल-एफ६ दाबलं की फक्त एक्सेलच्या फाइलींमधून फिरता येतं, टॅली आणि ब्राउझर मधे येत नाहीत. काही लॅपटॉपवर त्यासाठी सोबत एफएन दाबावं लागतं. पण फाइल ओळखू यायची तर नावं सुधारायलाच हवीत. २बी म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची पोर्टलवरची यादी. ती उतरवली की फाइलीच्या नावात आधी महिना-वर्ष, मग जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक असतो. टास्कबारवर किंवा ऑल्ट-टॅबमध्ये नाव अर्धवट कापलं जातं आणि पाच अशिलांच्या पाच फाइली सारख्याच दिसतात. फाइल उतरवल्याबरोबर नावाच्या सुरुवातीला दुकानाचं छोटं नाव घाला. फुकटची युक्ती आहे, पण माझ्या मते बाकी सगळ्या शॉर्टकटांपेक्षा हिचा फायदा जास्त.

ब्राउझरचंही तसंच. क्रोममध्ये प्रत्येक विंडोला नाव देता येतं. तीन टिंबांच्या मेन्यूत ‘मोअर टूल्स’ मध्ये ‘नेम विंडो’ असा पर्याय आहे. एका विंडोला ‘पोर्टल’, दुसरीला ‘मेल’ असं नाव दिलं की ऑल्ट-टॅबमध्ये तेच दिसतं. टॅब फार झाले असतील तर कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून दोन-तीन अक्षरं टाइप करा, टॅब सापडतो.

टॅलीप्राइमबद्दल, म्हणजे टॅलीच्या नव्या आवृत्तीबद्दल, एक सांगून ठेवतो. एक लेजर, म्हणजे एखादं खातं, पाहायचं म्हणून टॅलीची दुसरी खिडकी उघडणारे बरेच जण पाहिलेत. तशी गरज नसते. ऑल्ट-जी दाबलं की ‘गो टू’ उघडतं. व्हाउचरची नोंद अर्धवट असली तरी तिथून रिपोर्ट पाहून एस्केपने परत येता येतं.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. वीस विंडो उघड्या असल्या तरी कोणत्याही एका क्षणी तुम्ही वीस वापरत नसता. २बी जुळवताना पोर्टलवरची एक्सेल, टॅलीतलं खरेदी रजिस्टर आणि बिलांच्या पीडीएफ एवढंच लागतं. सोसायटीची नोटीस लिहिताना वर्ड आणि मागच्या वर्षीचं इतिवृत्त. विंडो वीस असतात, पण कामं चार, आणि प्रत्येक कामाच्या विंडो ठरलेल्या तीन-चार. हे निरीक्षण बरंच जुनं आहे. अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि ऑस्टिन हेंडरसन यांनी १९८६ मध्ये ‘रूम्स’ नावाची व्यवस्था मांडली ती याच आधारावर. छोट्या स्क्रीनवर माणसाचा वेळ एक विंडो बाजूला सारून दुसरी वर काढण्यात जातो, हे त्यांनी तपासून पाहिलं आणि प्रत्येक कामाच्या विंडोंसाठी वेगळी खोली दिली. काम बदललं की खोली बदलायची. आणि त्या वेळी विंडोजची स्थिती काय होती, तर १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत विंडो एकमेकींवर ठेवताही येत नव्हत्या, शेजारी शेजारीच मांडाव्या लागत. एकीवर एक ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. खाली दबलेली विंडो शोधायला टास्कबार मिळाला तो विंडोज ९५ मध्ये. कामानुसार वेगळे डेस्कटॉप विंडोजमध्येच तयार मिळायला तर २०१५ साल, म्हणजे विंडोज १० यावं लागलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ती सोय आज प्रत्येक लॅपटॉपवर आहे आणि ऑफिसांमध्ये ती जवळजवळ कोणी वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विंडोज-कंट्रोल-डी दाबलं की नवा रिकामा डेस्कटॉप मिळतो. विंडोज-कंट्रोल आणि डावा-उजवा बाण दाबून एकावरून दुसऱ्यावर जायचं. विंडोज-टॅब दाबलं की खाली सगळे डेस्कटॉप दिसतात, नावावर क्लिक करून नाव बदलता येतं, आणि विंडो ओढून दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकता येते. मी ‘जुळवणी’, ‘सोसायटी’ आणि ‘मेल’ असे तीन ठेवतो. विंडोज ११ वर प्रत्येकाला वेगळं वॉलपेपर लावता येतं, ते जरूर लावा, रंगावरूनच आपण कुठे आहोत ते कळतं. खरा फायदा असा की ऑल्ट-टॅब मूळ सेटिंगनुसार फक्त समोरच्या डेस्कटॉपवरच्याच विंडो दाखवतं. वीसची यादी चारवर येते, आणि चारमध्ये मघाशी सांगितलेला तो गठ्ठ्याचा क्रम पुन्हा उपयोगी पडायला लागतो. टॅलीसारखी सगळीकडे लागणारी विंडो असेल तर विंडोज-टॅबमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ती सगळ्या डेस्कटॉपवर दाखवायला सांगा. व्हॉट्सॲपला मात्र ही सवलत देऊ नका, त्याला ‘मेल’मध्येच राहू द्या. एक लक्षात असू द्या, कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉप आणि त्यांची नावं राहतात, पण उघड्या विंडो परत येत नाहीत, त्या पुन्हा मांडाव्या लागतात.

दोन फाइली एकदम डोळ्यांसमोर हव्या असतील तर विंडोज बटण आणि डावा बाण, मग उरलेल्या अर्ध्या भागासाठी दुसरी विंडो निवडायची, हे तुम्हाला माहीत असेलच. पण २बीच्या रांगा आडव्या लांब असतात. लॅपटॉपची स्क्रीन उभी कापली की निम्मे रकाने बाहेर जातात आणि सारखं आडवं सरकवत बसावं लागतं. अशा वेळी एकीखाली एक मांडा. एक्सेलच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘अरेंज ऑल’, त्यात ‘हॉरिझॉन्टल’. शेजारीच ‘व्ह्यू साइड बाय साइड’ आहे, त्यासोबत ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ चालू केलं की एक फाइल सरकवली तर दुसरीही तेवढीच सरकते. दोन्ही याद्या आधी जीएसटीआयएननुसार लावून घेतल्या तर जुळवणी भराभर होते. बेरजेसाठी कॅल्क्युलेटर वर राहायला हवा असेल तर त्यात ‘स्टँडर्ड’ या शब्दाच्या बाजूचं छोटं चिन्ह दाबा, तो बाकी सगळ्यांच्या वर टिकून राहतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठीत पत्रं टाइप करत असाल तर आणखी एक गोष्ट आजच करून टाका. वर्डमध्ये मराठी टाइप करून ब्राउझरवर गेलो की कीबोर्ड मराठीच राहतो आणि युजरनेमच्या जागी देवनागरी उमटते. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘टायपिंग’, ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ इथे प्रत्येक ॲप विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरू देण्याचा चौकोन आहे. त्यात टिक केली की वर्ड मराठीत राहतं, ब्राउझर इंग्रजीत राहतो आणि विंडो बदलली की भाषा आपोआप बदलते. मराठीत काम करणाऱ्याच्या मनस्तापाचा निम्मा भाग याने जातो, आणि ही टिक सुरुवातीपासून का नसते हे मला आजवर उमगलेलं नाही.

घरी मॅक वापरत असाल तर तिथे कमांड-टॅब विंडो नाही, प्रोग्रॅम बदलतं. त्याच प्रोग्रॅमच्या विंडोंमध्ये फिरायला कमांडसोबत टॅबच्या वरचं बटण असतं.

राहिला मॉनिटर. घ्यायला हरकत नाही, पण शोधाशोध कमी व्हावी म्हणून घेऊ नका. त्याने एकाऐवजी दोन ठिकाणी शोधाल. तो उपयोगी पडतो बघायला: बिल तिकडे, टॅली इकडे, मान किंचित वळवली की झालं. आधी हा महिना वेगळे डेस्कटॉप वापरून काढा. जुळवणीच्या वेळी तरीही जागा कमी पडली तर सरांना होय म्हणा. घेतलात तर विंडोज-शिफ्ट आणि बाण दाबून विंडो एका स्क्रीनवरून दुसरीवर जाते. आणि केबल काढल्यावर एखादी विंडो टास्कबारवर दिसते पण स्क्रीनवर येतच नाही, असं झालं तर आधी ऑल्ट-टॅबने ती निवडा, मग ऑल्ट-स्पेस, त्यानंतर एम, आणि एकदा कुठलाही बाण दाबून माउस हलवा. ती माउसला चिकटून समोर येईल.