अमूर्त जलरंगात चार माध्यमं एकत्र आली की चित्र मळतं कशामुळे?

निसर्गचित्रं जमतात, पण अमूर्ताकडे वळलं की मीठ, शाई, पेस्टल, ॲक्रिलिक सगळं एकाच कागदावर येतं आणि शेवटी मळकट काहीतरी हाती उरतं, असं तुम्ही लिहिलंय. यात दोन निराळे घोळ आहेत.

पहिला क्रमाचा, तो लवकर सुटतो. जलरंगाला कागदात मुरायचं असतं. त्याची वाट कोण अडवतं एवढं बघायचं. मेणाचा खडू पाणी झटकतो, म्हणून तो वॉशच्या, म्हणजे पातळ पाणीदार रंगाच्या थराच्या, आधी. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांची १९४०-४१ची चित्रं शोधून बघा, महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत लंडनच्या भुयारी रेल्वेत आसऱ्याला आलेल्या माणसांची. मेणाच्या रेषांवरून गडद वॉश गेलाय आणि रेषा तेवढ्या उजळ राहिल्यात. ॲक्रिलिक वाळलं की त्याचा पापुद्रा होतो, त्यावर जलरंग नीट धरत नाही. तेव्हा पारदर्शक काम आधी उरकून घ्या. ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, उलट, वाळल्यावरही पाण्याने सुटतो आणि वरच्या वॉशमध्ये मिसळून तो गढूळ करतो. शाई वॉटरप्रूफ आहे ना, हे बाटलीवर वाचा. फाउंटन पेनची बरीचशी शाई ओल लागताच पसरते, शिवाय उजेडात उडते. कोरडे, खडूसारखे पेस्टल आणि कोळसा अगदी शेवटी, कोरड्या कागदावर.

मिठाबद्दल खरं सांगू? ओल्या रंगाची चमक नुकतीच उतरू लागली की टाकलं तर छान फुलं उमटतात, पण सगळ्यांच्या चित्रांत तीच फुलं. काही महिने डबा बंद ठेवा.

दुसरा घोळ मोठा. तुमच्या वर्णनावरून वाटतं की तुम्ही कोऱ्या कागदावर ‘काहीतरी अमूर्त’ करायला बसता. मग हाताला आधार राहत नाही आणि ती जागा करामती भरून काढतात. त्याऐवजी तुमचंच एखादं निसर्गचित्र घ्या. डोळे बारीक करून त्यातले फक्त तीन टोन बघा: उजळ, मधला, गडद. त्यांचे आकार काडेपेटीएवढ्या चौकटीत उतरवा, मग चौकट उलटी करा. झाड, घर, वाट ही नावं गळून पडतात, तोल मात्र टिकतो. चित्रकार पाउल क्लेने १९१४ मध्ये ट्युनिशियात केलेले जलरंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत; रंगीत चौकोनांतही मध्येच एखादा घुमट ओळखू येतो. अमूर्त म्हणजे पाहिलेलं सगळं पुसायलाच हवं असं नाही.

त्या छोट्या रचनेवरून मोठा कागद करताना जलरंगाच्या जोडीला एकच माध्यम घ्या. रंगही मोजके: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांतून उबदार ते थंड राखाडीच्या कितीतरी छटा निघतात, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून पोत आपोआप येतो. तिसरा रंग एखाद्याच ठिकाणी, तोही थोडा. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शक्यतो कॉटनचा. साधा कागद एवढी घासाघीस सोसत नाही.

बिघडलेली चित्रं टाकू नका. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापून त्यांची चौकट चित्रावर फिरवा, एखादा कोपरा हमखास चांगला सापडतो. बाकीचा कागद फाडून कोलाजला वापरा. चिकटवायला ॲक्रिलिक मीडियम (रंग नसलेलं ॲक्रिलिक) चालतं, पण ते लागेल तिथे नंतर वॉश मुरत नाही. वरून रंगवायचं असेल तर गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ बरी. ती पूर्ण वाळू द्या आणि वॉश हलक्या हाताने द्या, नाहीतर तुकडा सुटून येतो.