जांभळाच्या बियांची पूड खाऊन मधुमेह बरा होतो का? आणि जांभूळ तरी चालतं का?

बरा होत नाही. बियांमधले घटक पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) मंदावतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. त्यामुळे डॉक्टरांची गोळी बंद करून पूड सुरू करायची नाही. दोन्ही एकदम घेत असाल तर साखर फार उतरत नाही ना, हे तपासत राहा.

फळ मात्र बिनधास्त खा, मूठभर. जीभ रंगवणारं अँथोसायनिन हे रंगद्रव्य सालीत जास्त असतं, म्हणून जांभूळ सालीसकट खावं. घसा धरतो तो टॅनिन या तुरट घटकामुळे. आमच्याकडे त्यावर चिमूटभर मीठ. पालघरच्या बहाडोलीची जांभळं मिळाली तर सोडू नका, त्यांना २०२३मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. बाटलीतला जांभूळरस घेताना आधी लेबलवरची साखर वाचा.