राजीनामा आत्ताच नको

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज परवाच वाचला, पण फोनवर दोन ओळींत उरकावं असा विषय नव्हता. तुला पाळक व्हायला सेमिनरीत शिकायला जायचंय, आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीचं शिफारसपत्र अजून हाती नाही, आणि परळची नोकरी सोडली की देव पुढचं दार उघडेल असं तुला वाटतंय.

आधी तुझ्या रागाबद्दल. तरुण संघात कोणी 'देवाची वेळ वेगळी असते' म्हणालं आणि तू उठून गेलास. बरं केलंस. वाक्य खरं आहे, पण आपल्याकडे ते समोरच्याला गप्प बसवायलाच जास्त वापरतात. बायबलमधलं तेरावं स्तोत्र काढून बघ. दावीद देवाला चार वेळा 'कोठवर' असं विचारतो, आणि ते स्तोत्र आपण भर उपासनेत वाचतो. तेव्हा प्रार्थनेत भांडायचं असेल तर खुशाल भांड.

राजीनाम्याचं मात्र वेगळं आहे. गिलगालातला शौल राजा आठव. शमुवेल संदेष्ट्याने सात दिवस थांबायला सांगितलं होतं. तो थांबला, अगदी सातव्या दिवसापर्यंत. पण समोर पलिष्टी जमलेले, आपली माणसं एकेक करून पांगायला लागलेली, त्याचा धीर सुटला आणि शमुवेलाने येऊन करायचं होमार्पण त्याने स्वतःच केलं. ते आटोपतंय तोच शमुवेल हजर! मला यात खटकतं ते हे, की शौलाने केलं ते दिसायला धार्मिकच होतं. अधीरपणा कधीकधी भक्तीचे कपडे घालून येतो. नोकरी सोडून देवाला कामाला लावायचं, यात मला थोडा गिलगालचा वास येतो. रागावू नकोस.

आणि धीर धरणं मोठमोठ्यांनाही जमलेलं नाही. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायचा हुकूम दिला. त्यांनी गव्हर्नर नेपियनकडे अर्जांवर अर्ज केले. मधेच धीर सुटून दोघे गुपचूप जहाजाने कोचीनला निघून गेले, तिथून त्यांना परत आणलं. पुन्हा अर्ज, पुन्हा विनवण्या. शेवटी राहायची परवानगी मिळाली. हॉल तेरा वर्षं इथे राबले. मिशनचा मराठी 'नवा करार', म्हणजे बायबलचा दुसरा भाग, १८२६ मध्ये छापून झाला आणि त्याच वर्षी नाशिककडच्या प्रवासात ते पटकीने गेले. तोवर मंडळीत आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती. आज भायखळ्याला, गिरगावात मराठी उपासना भरते. त्यांना ती बघायला मिळाली नाही.

पण नुसतं बसून राहणं म्हणजेही वाट पाहणं नव्हे हं. आपल्या महिला मंडळातल्या एक बाई चाळ पाडल्यापासून ट्रान्झिट कॅम्पात राहतात. करारनामा, भाड्याच्या चेकच्या झेरॉक्स आणि बायबल, सगळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. सोसायटीची एकही मीटिंग चुकवत नाहीत, बिल्डरच्या माणसाला तारीख विचारल्याशिवाय सोडत नाहीत, आणि बुधवारच्या प्रार्थनेला त्याच घरासाठी गुडघे टेकतात. एकामुळे दुसरं कमी पडतंय असं त्यांना कधी वाटलेलं मी पाहिलं नाही. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिलं, त्यातही हेच आहे: सत्तर वर्षं लागतील, तोवर घरं बांधा, मळे लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

म्हणून नोकरी सोडू नकोस. पगारातून फीचे पैसे बाजूला टाक. सेमिनरीत गेल्यावर घरी पैसे मागणं किती जड जातं, ते तुला कळेलच. संडेस्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग सध्या कोणी घेत नाही, तो घे. पाळकसाहेब आजाऱ्यांच्या भेटीला के.ई.एम. हॉस्पिटलात जातात, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जात जा. पाळकपण कशाशी खातात ते वर्गापेक्षा वॉर्डात लवकर समजतं. आणि तिथे गेल्यावर ही वाट आपली नाही असं वाटलं, तर तेही उत्तरच समज.

कमिटीचं म्हणशील तर तुझा अर्ज तोंडी होता, असं मला सेक्रेटरींकडून कळलं. तोंडी अर्जाला कोण उत्तर देणार? रविवारी उपासना सुटल्यावर थांब, आपण लेखी अर्ज करू. पोच घ्यायची, आणि पुढच्या मीटिंगची तारीख तिथेच विचारून घ्यायची.

तुझी,
मावशी