आई "छान आहे" म्हणाली आणि लेक रडवेली झाली

तिशी-चाळिशीतल्या बायका वर्षातून चार-पाच वेळा तरी एकच गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे येतात. "आईला एवढ्या हौसेनं फिरायला नेलं आणि तिथे जाऊन आम्ही भांडलो. माझंच काही चुकतंय का?" बहुतेकींना "नाही हो, तुमचं काही चुकलं नाही" हे ऐकायचं असतं. मी ते लगेच म्हणत नाही, कारण काहीतरी चुकलेलं असतंच. फक्त ते सहसा भांडण झालं तिथे सापडत नाही.

आज त्यातल्याच एका जोडीबद्दल. दोघींना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रोम मात्र तेच ठेवलंय, ते काढलं तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

लेक एकटीच आली होती, सहल संपून महिना उलटल्यावर. नोकरी लागल्यापासून तिच्या मनात होतं, आईला एकदा मोठी सहल घडवायची. आई निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर शाळा आणि घर, त्यापलीकडे फारसं काही पाहिलेलं नाही. लेकीने सहा महिने खपून जूनमधले नऊ दिवस आखले. कलोसियमची तिकिटं ठरलेल्या वेळेची असतात, ती आधीच काढली. कुठलं चर्च दुपारी किती वाजता बंद होतं तेही लिहून ठेवलं. आणि तिसऱ्या दिवशी रोमन फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, अवशेषांत, भर उन्हात, दोघी एकमेकींवर ओरडल्या. उरलेले सहा दिवस "चालेल", "बघ तुला काय वाटतं ते", "तू जा, मी बसते" यावर निघाले. सेंट पीटर चर्चच्या घुमटावर लेक एकटीच चढली. लिफ्ट घेतली तरी पुढे 320 पायऱ्या उरतात. आई खाली बसून राहिली. वरून सगळं शहर दिसत होतं आणि लेक म्हणे तिथे उभी राहून रडली.

आता तिची मावशी विचारत होती, पुढच्या वर्षी आईला कुठे नेणार? आणि हिच्या पोटात गोळा येत होता.

मी फोनमधले फोटो दाखवायला सांगितले. मी हे नेहमी करते, फोटोत माणसं स्वतःला विसरून बरंच सांगून जातात. आई कलोसियमसमोर, आई टायटसच्या कमानीखाली, आई सेंट पीटरसमोरच्या बर्निनीच्या खांबांच्या रांगेत. सगळीकडे एकटी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. दोघींचा एकत्र फोटो चारशेत एकही नव्हता. लेकीच्या हे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"भांडण नेमकं कशावरून झालं?"

"काहीच नाही हो. व्हेस्टल कन्यांचं घर आहे तिथे, त्याची माहिती मी वाचून दाखवत होते. सहा ते दहा वर्षांच्या मुली निवडायच्या, त्यांनी तीस वर्षं देवीचा अग्नी विझू द्यायचा नाही. मग त्या मोकळ्या, हवं तर लग्नही करायचं. त्यावर आई म्हणते, 'तीसच वर्षं? नंतर सोडायचे?' म्हणजे हे काय? एवढ्या लांब आणल्यावरही टोमणाच?"

मला हसू आलं होतं, ते मी आवरलं. तो टोमणा नव्हताच बहुधा, विनोद होता, आणि चांगला होता. पण दोन रात्री नीट न झोपलेल्या माणसाला विनोद आणि टोमणा यातला फरक कळत नाही. शिवाय फोरममध्ये सावली थोडी. पायाखाली जुन्या रस्त्याचे ओबडधोबड काळे दगड, त्यांवर चालताना नजर सतत जमिनीवर ठेवावी लागते. वाद तिथे नसता झाला तर दुपारी कुठेतरी झाला असता.

दुसऱ्या भेटीला आईंनाही बोलावलं. त्या शिक्षिका, माझ्या तोंडून आपोआप "बाई" असंच निघालं. मी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. तिथे दिवसभरात किती पाणी पीत होता?

लेकीने चमकून माझ्याकडे पाहिलं. बाईंनी मात्र लगेच उत्तर दिलं, "अर्धी बाटली असेल. स्वच्छतागृह कुठे सापडेल याचा नेम नसायचा. दर वेळी हिला कुठे शोधायला लावू?"

साठीच्या पुढच्या आयांबाबत हा प्रश्न मी कधीच वगळत नाही. रोमच्या रस्त्यांवर ओतीव लोखंडाचे लहान नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास, चोवीस तास पिण्याचं पाणी वाहणारे. तिथले लोक त्यांना लाडाने नाझोने म्हणतात, म्हणजे मोठं नाक. लेकीने त्यांचेही फोटो काढले होते. आणि शेजारी आई तहानलेली उभी. डोकं दुखणं, चिडचिड, "मी इथेच बसते", या सगळ्याला लेक "आईला आवडत नाहीये" असं समजत होती.

पण पाण्याने सगळा उलगडा होत नव्हता. उन्हाने माणूस चिडतो, सहा दिवस गप्प बसत नाही. मग मी दोघींना एक काम दिलं. भांडणाच्या आदल्या दिवसातला एकच तास दोघींनी सांगायचा. का, कशामुळे, कोणाचं चुकलं, हे काही नाही. फक्त काय दिसलं आणि आपण काय करत होतो.

लेकीचा तास असा होता. पँथिऑन, म्हणजे ते घुमटाचं जुनं रोमन देऊळ, पाहिलं, वीस मिनिटं. जवळच्या चर्चमध्ये कॅरावाज्जो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, ते दुपारी बंद होणार, म्हणून धावत गेलो. कोपऱ्यातल्या पेटीत नाणं टाकलं की चित्रांवर दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप विझतो. नाणं टाकलं आणि म्हटलं, आई, बघ! आई म्हणाली, "छान आहे." इतक्या कोरडेपणाने, की मी दुसरं नाणं टाकलंच नाही.

बाईंचा तास निराळाच निघाला. त्यांच्या तासात चर्च आलंच नाही. त्या पँथिऑनमध्येच होत्या.

"घुमटाला आतून चौकोनी खळगे आहेत ना, ते मी मोजत होते. पाच रांगा. एका रांगेत 28. मी दोनदा मोजले. 28 ही परिपूर्ण संख्या आहे. ती स्वतः सोडून तिचे विभाजक 1, 2, 4, 7, 14, त्यांची बेरीज पुन्हा 28. मुलांना शिकवताना मी ही संख्या फळ्यावर किती वेळा लिहिली असेल! आणि ती तिथे डोक्यावर होती, जवळजवळ 1900 वर्षं. घुमटाचा व्यास 43.3 मीटर आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा चेंडू बसेल. मी हिला सांगायला वळले तर ही म्हणाली, चल, चल, बंद होईल."

खोलीत कोणी बोललं नाही. लेक आईकडे बघत होती. त्या घुमटाखाली आई खांबाला हात लावून उभी होती ते तिला आठवत होतं. ती थकली आहे, म्हणून आता बाहेर काढायला हवं, असं तिला वाटलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस नंतर?"

"तू रजा काढून, एवढे पैसे घालून आणलंस. तुझा दिवस कशाला मोडायचा?"

इथे मला बाईंनाही थोडं बोलावं लागलं. मोडू नये म्हणून गप्प राहिलात, आणि पुढचे सहा दिवस त्या गप्प राहण्यानेच मोडले. "चालेल" हा शब्द सोशिक वाटतो खरा, पण त्यात समोरच्याला शिक्षा करायची बरीच सोय असते. शाळेत एखादी मुलगी सगळ्यालाच "चालेल बाई" म्हणाली असती तर तुम्ही तिला सोडलं असतंत? बाई हसल्या. नसतं सोडलं, म्हणाल्या.

लेकीला मी वेगळं विचारलं. तुला आईला रोम दाखवायचं होतं, की आपण आईला रोम दाखवतोय हे बघायचं होतं? प्रश्न बोचरा होता, मला कबूल आहे. पण "आईने काहीच पाहिलं नाही" असं ठरवून सहल आखली की आपण यजमान होतो आणि आई पाहुणी. पाहुण्याने वाखाणायचं असतं, त्याने नुसतं "छान आहे" म्हटलं तरी ते कमी पडतं. आणि ज्या बाईने अख्खं आयुष्य आकड्यांत घालवलं, तिला पँथिऑनमध्ये काय दिसेल याचा विचार सहा महिन्यांच्या आखणीत एकदाही आला नव्हता.

तिसऱ्या भेटीत आम्ही पुढच्या सहलीचं बोललो. माझ्या सूचना साध्या होत्या. दिवसाला एकच ठरलेल्या वेळेचं तिकीट. "दमलीस का?" असं विचारायचं नाही, कारण त्याला आया "नाही" म्हणतात. त्याऐवजी "आता किती वेळ बसूया?" विचारायचं, त्याला आकडा सांगावा लागतो. स्वच्छतागृह मुलीनेच आधी शोधायचं, मागायची वेळच येऊ द्यायची नाही. खर्चाचं बोलणं निघण्यापूर्वी एकदाच, तिथे पोहोचल्यावर ते बंद. आणि रोज एक जागा बाईंनी निवडायची, तिथून कधी हलायचं तेही त्यांनीच ठरवायचं. लेकीला ही शेवटची अट सगळ्यात जड गेली. "आणि तिने तीन तास काढले तर?" तर काढले, मी म्हटलं.

कुठे जायचं यावर मात्र मी काही बोलायच्या आतच बाई म्हणाल्या, "रोमच. पँथिऑन राहिलंय."

"आई, पाहिलं ना आपण ते!"

"तू पाहिलंस."

मग लेकीने विचारलं, आणि मला वाटतं तिने हे त्या दिवसापर्यंत कधीच विचारलं नव्हतं, "पण 28च का गं?"

"तेच तर मला कळत नाहीये!" बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "बत्तीस घेतले असते तर सोपं होतं. अर्धं, पुन्हा अर्धं, पुन्हा अर्धं. पण कंपास आणि पट्टी घेऊन वर्तुळाचे बिनचूक सात समान भाग होत नाहीत. होऊच शकत नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. सात नाहीत तर 28 पण नाहीत. मग त्या माणसांनी केले कसे? अंदाजाने? दोरीने?"

त्यांनी माझ्या टेबलावरचा कागद ओढून वर्तुळ काढायला घेतलं. लेक खुर्ची त्यांच्या बाजूला सरकवून बसली. वेळ संपली होती, पुढची व्यक्ती बाहेर थांबली होती, आणि मी दहा मिनिटं दोघींना उठवलं नाही.

निघताना लेकीने वहीत पुढच्या सहलीचे दिवस मांडले. पहिल्या दिवसापुढे तिने पँथिऑन लिहिलं, थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापुढेही पँथिऑनच लिहिलं.