वाचकांचे प्रश्न : शेजारच्या घरातून रडणं ऐकू आलं, तर?

प्रश्न : आमच्या वाड्यातली एक बाई नवऱ्याचा मार खाते. आम्ही महिला संघाच्या दहाजणी जाऊन त्याला जाब विचारला. त्या रात्री तिला जास्तच मार बसला. काय चुकलं? (खानापूर तालुका, कर्नाटक)

उत्तर : तुमची कळकळ खरीच आहे, पण क्रम चुकला. चारचौघींत झालेला अपमान तो दार लावल्यावर तिच्यावरच काढतो, आणि तेव्हा तुम्ही आपापल्या घरी असता. आधी तिला एकटीला गाठा, शेतावर किंवा अंगणवाडीत, आणि तिला काय हवंय ते विचारा. मग तीन गोष्टी ठरवून ठेवा : रात्री दार उघडणारं एक घर, फोन उचलणाऱ्या दोघी आणि हाकेला निघणारा एक गाडीवाला. संघाच्या वहीत तिचं नाव लिहू नका. आधार, रेशनकार्ड, पासबुकाच्या झेरॉक्स, औषधं, मुलांचे दोन कपडे, थोडे पैसे एवढी पिशवी त्या ठरलेल्या घरात असू द्या. तिच्याच घरात ठेवली, तर पहिल्यांदा नवऱ्याच्या हाताला लागते.

मार चालू असेल तेव्हा 112 लावा, आणि एकटीनं आत शिरू नका. त्यानं एकदा जरी गळा आवळला असेल, तर जिवाला धोका आहे असंच समजा. वळ नसला तरी आतून सूज येऊ शकते. आवाज बसला, गिळताना दुखू लागलं तर लगेच दवाखाना. तिथं 'पाय घसरून पडले' असं सांगितलं, की तोच केसपेपर पुढं कोर्टात तिच्याविरुद्ध जातो. कोणी मारलं ते डॉक्टरांना लिहायला सांगा.

घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी म्हणजे कर्नाटकात तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी. अंगणवाडीताईंना ते ऑफिस रोजचंच. अर्ज तिथून मॅजिस्ट्रेटकडे जातो, आणि पहिली तारीख सहसा 3 दिवसांच्या आत लागायला हवी. घर सोडायचं नसेल तरी संरक्षणाचा हुकूम मागता येतो. तो मोडला, तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : मुलगी महाराष्ट्रात चंदगडला दिली आहे. मारहाणीला कंटाळून माहेरी आली. केस तिकडंच करायची का?

उत्तर : नाही. ती आज जिथं राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो, आणि हुकूम महाराष्ट्रातही लागू होतो. सासरच्या छळाचा गुन्हा माहेरच्या गावीही नोंदवता येतो, हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. 'आमची हद्द नाही' म्हणून कोणतंही ठाणं परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेली फिर्याद, घ्यावाच लागतो. जबाब कन्नडमध्ये लिहिला जाईल. तो मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि प्रत फुकट मिळते ती लगेच घ्यावी. एक बारीक गोष्ट : लग्नानंतर आधारवर चंदगडचा पत्ता आला असेल, तर कर्नाटकातल्या बसचं बायकांसाठीचं मोफत तिकीट मिळत नाही. भाड्याचे पैसे सोबत द्या.

प्रश्न : बलात्कार झाला, तर पहिल्या काही तासांत गावानं काय करावं? पंच कमिटी मिटवायचं बघते.

उत्तर : ही गोष्ट मिटवायचा अधिकार कोणत्याच पंच कमिटीला नाही. मुलगी 18 च्या आतली असेल, तर ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) सक्तीचं आहे. न कळवणं हाच गुन्हा. तिचं नाव छापणं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं हाही गुन्हाच.

आधी दवाखाना. एफआयआर नसला तरी सरकारी वा खाजगी, दोन्हीकडे फुकट उपचार बंधनकारक आहेत, आणि तपासणी तिच्या संमतीनंच होते. शक्यतो आंघोळ करू नये, पण केली असली तरी जावं. कपडे बदलले असतील तर धुवायचे नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पिशवीत घाला, प्रत्येक कपडा वेगळा. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा जातो. गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. जितकी लवकर तितकी बरी.

एचआयव्हीची औषधं 28 दिवस घ्यायची असतात. मळमळतं म्हणून ती आठवड्याभरात सोडली जातात, आणि घरच्यांना काय सांगायचं हाही प्रश्न असतो. सोबत गेलेल्या बाईनं तो डबा आपल्या घरी ठेवावा, रोज ठरल्या वेळी तिला बोलवून गोळी द्यावी.