मुरबाडला म्हैस जानेवारीत व्यायणार आहे, पहाटेच्या गारठ्यात रेडकाला कसं जपावं?

थंडीपेक्षा ओल जास्त घातक. ओल्या अंगाला पहाटेचा वारा लागला की रेडकू गारठतं, दूध ओढत नाही. भाताचा कोरडा पेंढा जाड अंथरा, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा. गोठा पूर्ण कोंडू मात्र नका, कोंदट हवेत न्यूमोनिया होतो. व्याल्यावर म्हशीला चाटू द्या, मग कोरड्या गोणपाटाने चोळून पुसा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.

आणि चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध! आपल्याकडे वार (व्याल्यावर बाहेर पडणारी जार) पडेपर्यंत थांबतात, ते कृपा करून करू नका. पहिल्या दोन तासांत पाजाच. ३० किलोच्या रेडकाला दिवसभरात साधारण ३ लिटर, थोडाथोडा. वार १२ तासांत पडली नाही तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा.