नॅनोकणांनी धातू पकडला, पुढे त्याचे काय?

पाण्यातले आर्सेनिक, क्रोमियम, शिसे शोषणाऱ्या धातू-ऑक्साइडच्या नॅनोकणांविषयी (मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या सूक्ष्म कणांविषयी) तेच गोंधळ पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यातले काही प्रश्न एकत्र घेत आहे.

प्र. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) लिटरला 180 मिलिग्रॅम दाखवतो. म्हणजे आर्सेनिक नाही ना?

तसे म्हणता येत नाही. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे आणि मीटरचा सर्वांत लहान आकडा 1 मिलिग्रॅम. प्रयोगशाळेतच तपासा.

प्र. पाणी उकळले तर?

पाणी आटेल, आर्सेनिक तेवढेच राहील.

प्र. ऑनलाइन मिळणारी ‘नॅनो आयर्न’ पूड माठात टाकून, पाणी गाळून प्यावे का?

मुळीच नको. 20-30 नॅनोमीटरचे सुटे कण कापडातून सहज जातात आणि पकडलेला धातूही सोबत पोटात नेतात. म्हणून ते आधारावर पक्के बसवावे लागतात. आयआयटी मद्रासच्या ‘अमृत’ माध्यमात (म्हणजे फिल्टरमध्ये भरायच्या पदार्थात) लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे कण चिटोसनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जाळीत अडकवलेले असतात. जाहिरातीतल्या टक्क्यांनाही भुलू नका. 0.5 मिलिग्रॅममधले 95 टक्के काढले तरी 0.025 उरते, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल मागा.

प्र. एम.एस्सी. प्रकल्पात मॅग्नेटाइट या लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांनी डिस्टिल्ड पाण्यातले जवळपास सगळे आर्सेनेट (आर्सेनिकचे ऋणभारित रूप) घेतले, बोअरच्या पाण्यातले निम्मेच. कण खराब आहेत का?

बहुधा कण ठीक आहेत, पाणी वेगळे आहे. बोअरच्या पाण्यातले फॉस्फेट आणि सिलिकेट कणांवरच्या त्याच जागा अडवतात. सामू (pH) 7 च्या वर गेला की मॅग्नेटाइटचा पृष्ठभाग ऋणभारित होऊन आर्सेनेटला दूर लोटतो. शिवाय प्राणवायू नसलेल्या भूजलात बरेच आर्सेनिक आर्सेनाइट या दुसऱ्या रूपात असते. सामू 9 पर्यंत त्यावर जवळजवळ भारच नसतो, म्हणून ते कणांना कमी चिकटते. आधी क्लोरीनने त्याचे आर्सेनेट करा, सामू 6 ते 6.5 वर आणा, फॉस्फेट मोजा आणि मगच मात्रा ठरवा. कण कोरडे करून ठेवले असतील तर गुठळ्या होऊन पृष्ठफळही घटले असेल. मार्गदर्शकांना आकडे दाखवा.

प्र. भोसरीत प्लेटिंगचे (धातूवर मुलामा देण्याचे) छोटे युनिट आहे. सांडपाण्यातल्या सहा संयुजी क्रोमियमसाठी (क्रोमियमच्या विषारी रूपासाठी) नॅनोकण घ्यावेत का?

आधी नेहमीची प्रक्रिया: सामू 2-3 वर फेरस सल्फेटने क्षपण (त्याचे कमी विषारी तीन संयुजी रूप करणे), मग चुन्याने सामू 8-9 वर नेऊन गाळ बसवणे. नॅनोकण फार तर शेवटच्या हातासाठी. रचना पर्यावरण अभियंत्याकडून करून घ्या.

प्र. फिल्टरमधले वापरलेले माध्यम बागेत टाकले तर चालेल का? शेवटी लोखंडाचा गंजच ना?

नाही, आणि हा प्रश्न फिल्टर विकत घेण्याआधी विचारायला हवा. कण आर्सेनिक नष्ट करत नाहीत, फक्त धरून ठेवतात. खतखड्ड्यात, डबक्यात किंवा भातखाचरात हवा नसते आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. तिथले जिवाणू ऑक्साइडमधल्या फेरिक लोहाचे विरघळणारे फेरस लोह करतात, ऑक्साइड विरघळते आणि आर्सेनिक मोकळे होते. गंगेच्या खोऱ्यातल्या भूजलात ते मुख्यतः याच क्रियेने उतरले आहे. तीच क्रिया आपण हाताने परसात का आणावी? कॉस्टिक सोड्याने माध्यम धुतले तर ते पुन्हा वापरता येते, पण धुवणातले आर्सेनिक जास्त तीव्र असते आणि ते गटारात सोडणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. गावात फिल्टर बसवताना नारळ फुटतो, माध्यम बदलायची तारीख मात्र कुठेच लिहिलेली नसते. आर्सेनिकला चव नाही, वास नाही. माध्यम भरले हे फक्त बाहेरच्या पाण्याच्या तपासणीतून कळते. ‘अजून पाणी स्वच्छ दिसतंय’ म्हणून थांबू नका. वापरलेले माध्यम परत नेण्याचे लेखी देत नसेल त्या विक्रेत्याकडून फिल्टर घेऊ नका. ते परत नेईपर्यंत वापरलेले माध्यम झाकणाच्या पिंपात, कोरड्या जागी, शेणखतापासून लांब ठेवा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राबाबत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात चौकशी करा.